आधी जंपर पाहा

कोरी एटीमेगा ३२ चिप ब्रेडबोर्डवर बसवलेली आहे. यूएसबीएएसपी प्रोग्रामरच्या सहा तारा तिच्या सहा पिनांना बरोबर जोडलेल्या आहेत, हेक्स फाइल तयार आहे, कमांडमध्ये एक अक्षरही चुकलेले नाही. तरी स्क्रीनवर एकच ओळ उमटते : टार्गेट उत्तर देत नाही. जिथे जिथे एव्हीआर, म्हणजे या चिपच्या कुटुंबातले मायक्रोकंट्रोलर, शिकवले जातात तिथे ही ओळ सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि तिच्यानंतरची धावपळही. केबल बदलून पाहायची, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा, शेवटी चिप बदलायची. दुसरी चिपही तेच म्हणाली की दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला, असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. चिप मात्र शाबूत असते, केबलही शाबूत असते. कारखान्यातून निघालेली एटीमेगा ३२ आतल्या घड्याळावर १ मेगाहर्ट्झने चालते. सिरियल पद्धतीने प्रोग्राम करताना प्रोग्रामरच्या क्लॉकची वरची आणि खालची अशी दोन्ही पातळी चिपच्या दोन-दोन चक्रांपेक्षा जास्त वेळ टिकली पाहिजे, अशी डेटाशीटची अट आहे. याचा अर्थ प्रोग्रामरचा वेग चिपच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याच्या आत हवा. इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी एरवी बोलतो ३७५ किलोहर्ट्झने. थॉमस फिशल यांनी हा प्रोग्रामर तयार करतानाच ही अडचण ओळखून बोर्डावर जेपी३ नावाची दोन टोके ठेवली. त्यांवर जंपर चढवला की वेग सुमारे ८ किलोहर्ट्झवर उतरतो आणि तीच चिप निमूटपणे उत्तर देते. पुढे फ्यूज बिट बदलून बाहेरचा क्रिस्टल लावला की जंपर काढून टाकायचा. पुढच्या काळातल्या फर्मवेअरमध्ये हा वेग सॉफ्टवेअरमधूनही बदलता येऊ लागला. पण बाजारातल्या अनेक नकलांमध्ये जुनेच फर्मवेअर असते, आणि त्या वापरताना वेग बदलता येत नाही अशी आणखी एक तक्रार स्क्रीनवर उमटते.

एवढ्याशा जंपरवर दिवाळी अंकात एवढे लिहायचे कारण असे, की मायक्रोकंट्रोलरच्या शिक्षणातून आणि हत्यारांतून हे स्विच हळूहळू नाहीसे होत आहेत, आणि त्यांचे जाणे सरसकट प्रगती म्हणून मोजले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. चिपमध्ये काय लिहायचे हे सॉफ्टवेअरने खुशाल ठरवावे. पण लिहू द्यायचे की नाही, कोणत्या चिपवर लिहायचे आणि किती व्होल्ट द्यायचे, हे तीन निर्णय शक्य तिथे हाताने हलणाऱ्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या स्विचवर राहिले पाहिजेत. आणि तो स्विच वापरणे हा अभ्यासक्रमाचा भाग असला पाहिजे, लॅब असिस्टंटच्या स्मरणशक्तीचा नव्हे. नवी मुंबईच्या संदर्भात या म्हणण्याला जास्त वजन येते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीची इंजिनीअरिंग कॉलेजे आहेत. दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचा टीटीसी पट्टा, त्यात महाप्याचा इलेक्ट्रॉनिक झोन आणि रासायनिक कारखाने. आज जेपी३ न पाहणारा विद्यार्थी उद्या याच रस्त्यावर कुठल्यातरी कंट्रोल पॅनेलसमोर उभा असतो.

व्होल्टेजपासून सुरुवात करू, कारण इथे चुकीला क्षमा नसते. १९७१ मध्ये इंटेलने १७०२ ही पुसता येणारी मेमरी आणली. त्यानंतरच्या २७१६ला लिहिण्यासाठी २५ व्होल्ट लागत. २७३२लाही २५; पण तिच्याच नावापुढे ‘ए’ लागला की २१. २७६४ला २१, आणि २७६४एला १२.५. चिपच्या पाठीवरचे एक अक्षर वाचायचे राहिले तर १२.५ व्होल्टच्या चिपला २१ व्होल्ट बसणार आणि चिप कायमची जाणार. पॅरलल पोर्टवर चालणाऱ्या विलेम प्रोग्रामरने यावर काढलेला तोडगा मला अजूनही प्रामाणिक वाटतो. बोर्डावर बारा खटक्यांचा डिप स्विच होता. सॉफ्टवेअरमध्ये चिपचे नाव निवडले की ते बारा खटके कसे असायला हवेत याचे चित्र पडद्यावर येई. सॉफ्टवेअरला खटका हलवता येत नव्हता, म्हणून ते माणसाला विनंती करत असे. माणूस चित्र पाही, बोर्ड पाही, चिपची पाठ पुन्हा वाची, आणि मगच बटण दाबी. यात वेळ जाई हे खरे. पण ज्या कामात चुकीचा अर्थ चिप जळणे असा होतो, तिथे तो वेळ वाया गेला असे कसे म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप उभाच आहे : आजच्या टीएल८६६सारख्या प्रोग्रामरवर एकही डिप स्विच नाही, तो हजारो प्रकारच्या चिपा ओळखतो, हव्या त्या पिनेवर हवे ते व्होल्टेज स्वतः नेऊन ठेवतो, आणि चिप सॉकेटमध्ये नीट बसली आहे की नाही हेही तपासतो. मग बारा खटक्यांचे गोडवे कशाला? आक्षेप मान्य करायला हवा. टेबलावरच्या सॉकेटमध्ये चिप बसवून, तिचे नाव यादीतून निवडून लिहिणे, या कामात सॉफ्टवेअर माणसापेक्षा कमी चुकते. डिप स्विच परत आणा असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ही सोय सॉकेटपुरती आहे. आज बहुतेक चिपा बोर्डावर डकवलेल्या अवस्थेतच प्रोग्राम होतात, त्यांच्याभोवती सेन्सर, रेडिओ, डिस्प्ले जोडलेले असतात, आणि त्या शेजाऱ्यांना किती व्होल्ट सोसतील हे प्रोग्रामरला कळायला मार्ग नसतो. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ५ व्होल्ट सोडू नका, हे सांगणारा एकच माणूस तिथे असतो : जंपर हातात धरलेला.

असा एखादा निर्णय बोर्डावरून उचलून चिपच्या पोटात ढकलला तर काय होते, हे एव्हीआरच्या फ्यूज बिटांनी दाखवून दिले आहे. फ्यूज बिट म्हणजे न दिसणारे स्विचच. चिपने कोणत्या घड्याळावर चालायचे, रिसेटची पिन रिसेट म्हणून वापरायची की साधी पिन म्हणून, सिरियल प्रोग्रामिंगला परवानगी आहे की नाही, हे सगळे त्यांत ठरते. त्यांची गणतीही उलटी : बिट ‘प्रोग्राम केलेला’ असेल तर त्याची किंमत ०, नसेल तर १. एका सॉफ्टवेअरमध्ये टिकमार्क म्हणजे शून्य, दुसऱ्यात हाताने १६ पायाच्या पद्धतीतला आकडा लिहायचा. घड्याळाच्या बिटांत बाहेरचा क्लॉक निवडला आणि बाहेर क्लॉक नसला, की चिप मेल्यासारखी पडते. तिच्या क्रिस्टलच्या पिनेला दुसरीकडून क्लॉक दिला तर उठून बसते. एटीमेगा ८ किंवा ३२८मध्ये रिसेटचा बिट बदलला तर सहा तारांचा प्रोग्रामर कायमचा निरुपयोगी. रिसेटला १२ व्होल्ट देऊन पॅरलल पद्धतीने लिहिणारे वेगळे हत्यार आणावे लागते. आणि एटीमेगा ३२चे ते प्रसिद्ध कोडे : पोर्ट सीच्या पिन २ ते ५वर लावलेले एलईडी लागतच नाहीत. प्रोग्राम दहा वेळा तपासला जातो. कारण एवढेच असते की जेटॅगचा फ्यूज कारखान्यातूनच चालू असतो आणि त्या चार पिना त्याच्या ताब्यात असतात. जंपर असता तर नजर टाकताच कळले असते. इथे मेनू उघडून, योग्य खिडकीत जाऊन, उलटी गणती लक्षात ठेवून वाचावे लागते. ज्याला तिथे पाहायचे असते हेच माहीत नाही, त्याला ते कधीच दिसत नाही.

फ्यूज बिटांच्या बाजूने बोलायचे तर, त्यांच्यामुळे उत्पादनाचा खर्च वाचतो, बोर्डावर जागा लागत नाही, आणि ग्राहकाने सेटिंग बिघडवण्याची भीती राहत नाही. विकायच्या वस्तूसाठी हे बरोबरच आहे. पण तिथेही उत्तम रचनाकारांनी एक दार बाहेर ठेवलेले आढळते. ‘ब्लू पिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त एसटीएम३२एफ१०३ बोर्डावर दोन पिवळे जंपर असतात, बूट-० आणि बूट-१. बूट-० खाली असला की रिसेटनंतर तुमचा प्रोग्राम चालतो. तो वर आणि बूट-१ खाली असला की चिप तुमच्या प्रोग्रामकडे ढुंकूनही न पाहता कारखान्यात भरलेला बूटलोडर चालवते आणि सिरियल पोर्टवर नव्या प्रोग्रामची वाट पाहते. एखाद्याने चुकून असा प्रोग्राम लिहिला, की ज्याने सुरू होताच डिबगच्याच पिना बंद करून टाकल्या, तर एसटी-लिंक बाहेरून कितीही ठोठावो, आतून दार उघडत नाही. तेव्हा बूट-० वर करायचा, रिसेट दाबायचा, आणि चुकीचा प्रोग्राम पुसायचा. हा स्विच बिघडलेल्या प्रोग्रामच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणूनच तो कामाचा आहे. एआरएम७ची एलपीसी२१४८ रिसेटच्या क्षणी पी०.१४ ही पिन पाहते, ती खाली असेल तर बूटलोडरमध्ये जाते. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ जीपीआयओ-० पाहतात. सीडॅकच्या वेगा मालिकेतला थेजस३२ हा भारतीय प्रोसेसर असलेल्या एरीज बोर्डावरही बूट निवडीचा जंपर आहे. इतक्या वेगवेगळ्या देशांत चिपा रचणाऱ्या इतक्या वेगवेगळ्या माणसांना शेवटची चावी बाहेर ठेवावीशी वाटली, याला योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरा निर्णय, कोणत्या चिपवर लिहायचे, हा वरकरणी क्षुल्लक वाटतो. एसटीच्या न्यूक्लिओ-६४ बोर्डाचा वरचा तुकडा म्हणजे एसटी-लिंक प्रोग्रामर, खालचा तुकडा म्हणजे शिकायची चिप. सीएन२ नावाच्या जागी दोन जंपर असतात. दोन्ही लावलेले असले की प्रोग्रामर त्याच बोर्डावरच्या चिपशी बोलतो. दोन्ही काढले की सीएन४वरून बाहेरच्या कुठल्याही एसटीएम३२ बोर्डाला प्रोग्राम करता येते. म्हणजे न्यूक्लिओ घेतलेल्या कॉलेजकडे वेगळा एसटी-लिंक विकत न घेताच एक चांगला प्रोग्रामर असतो. तो दोन जंपरांमागे दडलेला असतो इतकेच. जंपर न काढता बाहेरची चिप जोडली तर नव्या माणसाचा चांगलाच घोळ होतो, कारण प्रोग्राम यशस्वी झाल्याचा संदेश येऊ शकतो, फक्त तो भलत्याच चिपवर गेलेला असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० लाँचपॅडच्या काही आवृत्त्यांत सिरियलचे दोन जंपर उभ्याचे आडवे केल्याशिवाय हार्डवेअर यूएआरटी चालत नाही, आणि सिरियलवर काहीच दिसत नाही म्हणून प्रोग्रामला दोष दिला जातो. या सगळ्या खटक्यांना एकच शिस्त लागू होते : संदेशावर विश्वास ठेवण्याआधी बोर्ड पाहायचा.

आता लिहू देण्याच्या परवानगीकडे वळू. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने जगभरच्या संगणकांची बायोस चिप पुसण्याचा प्रयत्न केला. ज्या मदरबोर्डांवर फ्लॅश लिहिण्याचा जंपर ‘बंद’वर होता, तिथे व्हायरसला बायोसवर काही करता आले नाही, जिथे ही परवानगी सॉफ्टवेअरच्या हाती होती, तिथे अनेक बोर्ड चालूच होईनात आणि चिप काढून नव्याने लिहावी लागली. त्याहून गंभीर उदाहरण २०१७चे, सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल कारखान्याचे. श्नायडर कंपनीचे ट्रायकोनेक्स हे सुरक्षा नियंत्रक तिथे बसवलेले होते. काही धोका झाला तर कारखाना सुरक्षितपणे बंद करणे एवढेच त्यांचे काम. नियंत्रकाच्या तोंडावर किल्लीचा स्विच असतो, त्याच्या जागा ‘रन’, ‘प्रोग्राम’ वगैरे. ट्रायटन नावाच्या हल्लेखोर सॉफ्टवेअरने याच नियंत्रकांच्या मेमरीत स्वतःला घुसवले, आणि ते शक्य झाले कारण किल्ली ‘प्रोग्राम’वर राहिलेली होती. सुदैवाने त्या गोंधळात नियंत्रकांनी कारखाना बंद पाडला आणि प्रकरण उघडकीस आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन उद्योगाला हे उदाहरण परके नाही. अॅलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्सवर रन, रिमोट आणि प्रोग्राम अशा तीन जागांची किल्ली असते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच ज्यांचा कळव्याचा कारखाना आहे त्या सीमेन्सच्या जुन्या एस७-३००वर रन-पी अशी जागा असे. यूएसबीएएसपीचा जंपर आणि पीएलसीची किल्ली यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तत्त्वात अजिबात नाही.

याच उदाहरणाने माझ्या म्हणण्यावरचा सर्वात जोरदार आक्षेपही हाती दिला आहे. स्विच होता, किल्ली होती, तरी हल्ला झालाच. म्हणजे माणूस विसरतो आणि स्विच निरुपयोगी ठरतो. मग सगळी सुरक्षा सॉफ्टवेअरकडे का सोपवू नये? उत्तर हल्ल्याच्या तपशिलातच आहे. हल्लेखोर अभियंत्याच्या संगणकापर्यंत पोहोचले होते, म्हणजे सॉफ्टवेअरचे अडथळे त्यांनी आधीच ओलांडले होते. शिल्लक होता तो एकच अडथळा, आणि तो हलवायला माणसाला कारखान्यात येऊन किल्ली फिरवावी लागली असती. तो अडथळा निकामी नव्हता, उघडा ठेवलेला होता. किल्ली ‘प्रोग्राम’वर असेल तर नियंत्रण कक्षात अलार्म वाजावा आणि ती काढून ठेवावी, हे त्यावरचे उपाय, स्विच काढून टाकणे हा उपाय नाही. माणूस विसरतो म्हणूनच तर अवस्था उघड दिसायला हवी. मेनूत खोल गेलेली सेटिंग विसरली तर ती आठवण करून द्यायला कोणी येत नाही.

आणखी एक आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. वीजमीटर, पथदिवे, घरातली उपकरणे हजारोंच्या संख्येने दूरवर बसवलेली असतात. त्यांतली त्रुटी सापडली तर दुरुस्ती हवेतूनच पाठवावी लागते, प्रत्येक खांबावर चढून जंपर हलवणे शक्य नाही. हे खरे आहे, आणि अशा वस्तूंमध्ये सहीची खात्री करून घेणारा बूटलोडरच लागतो. तरी त्यांतही बूटलोडर स्वतः सहसा लिहिण्यापासून बंद ठेवलेला असतो, आणि त्याला बदलायचे तर वस्तू उघडावी लागते. जे काही झाले तरी बदलू नये ते हाताच्या ताब्यात, बाकीचे हवेतून, अशी ही विभागणी आहे. मी मागतो आहे तीही हीच.

पुढचा आक्षेप खुद्द स्विचच्या खरेपणावर आहे, आणि तो नवी मुंबईतल्या खरेदीदाराला चांगलाच लागू पडतो. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या यूएसबीएएसपीच्या स्वस्त नकलांवर ३.३ आणि ५ व्होल्ट निवडायचा जंपर असतो. त्यांपैकी बऱ्याच नकलांत तो फक्त टार्गेटला जाणारा पुरवठा बदलतो. प्रोग्रामरवरची एटीमेगा ८ मात्र ५ व्होल्टवरच चालते आणि डेटाच्या तारांवर ५ व्होल्टच सोडते. म्हणजे जंपर ३.३वर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्याने आपला रेडिओ मॉड्यूल धोक्यात घातलेला असतो. अशा स्विचने फसवणूक केली असे म्हणता येईल, पण तो स्विच असल्यामुळे फसवणूक तपासता येते : जंपर ३.३वर ठेवून, प्रोग्रामिंग चालू असताना डेटाच्या तारेवर ऑसिलोस्कोप लावला की खोटे बाहेर पडते. विकत घेताना एवढे पाहावेच. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर ३.३ व्होल्टच्या बोर्डासाठी लेव्हल शिफ्टर मध्ये घालावा आणि जंपरवरच्या अक्षरांवर विसंबू नये.

उरला लॅबचा आक्षेप : दोन तासांचे प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच, जंपर हरवतात, मुले चुकीच्या जागी लावतात, म्हणून ते एकदाच बसवून वर गरम गोंद ओतलेला बरा. अर्डुइनोचा इतिहास या बाजूने साक्ष देतो. २००७च्या डीचिमिलापूर्वी प्रोग्राम पाठवताना रिसेटचे बटण नेमक्या वेळी दाबावे लागे. डीचिमिलाने ते सॉफ्टवेअरकडे दिले आणि लाखो लोकांना शिकणे सोपे झाले. त्या सोयीबद्दल तक्रार करणे कोतेपणाचे होईल. पण रिसेट ही रोजच्या कामाची कृती आहे, धोक्याची नाही. ती आपोआप झाली तर काही बिघडत नाही. तरीही त्यापुढच्या डुएमिलानोव्हे बोर्डावर स्वयं-रिसेट तोडण्यासाठी एक पातळ पट्टी मुद्दाम मोकळी ठेवलेली होती, हवी तर कापा अशी. गोंद ओतणाऱ्याने ही वाट ठेवलेली नसते. त्याच्या बॅचमधली मुले सात प्रयोग पार पाडतात, सबमिशन होते, आणि बोर्ड उत्तर देत नाही तेव्हा काय पाहायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, कारण ते गोंदाखाली असते.

उपाय महागडा नाही. प्रत्येक प्रोग्रामरच्या आणि किटच्या झाकणावर त्याच्या जंपरांचे चित्र चिकटवावे, विलेमच्या सॉफ्टवेअरने दाखवले तसे. जर्नलमध्ये ‘उपकरणे’ या मथळ्याखाली यूएसबीएएसपी एवढे लिहून न थांबता जेपी३ लावलेला की काढलेला, बूट-० वर की खाली, पुरवठा ५चा की ३.३चा, हे तीन रकाने भरून घ्यावेत. व्हायवात ८०५१च्या पोर्टांची नावे विचारण्याबरोबरच चालू बोर्ड समोर ठेवून विचारावे, की आत्ता रिसेट दाबला तर कोणता प्रोग्राम चालेल आणि हे तू कशावरून सांगतोस. विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबायची यासाठी गरज नाही; कोणताही प्राध्यापक पुढच्या बॅचपासून हे सुरू करू शकतो.